करवंटीतली नजर

साकीनाक्याच्या त्या लग्नाच्या हॉलमध्ये सकाळी अकरालाच पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर चंद्रप्रकाश महाराज बसले होते आणि हातात होती काळी रंगवलेली नारळाची करवंटी. तिच्या मधोमध टाचणीएवढं भोक. सत्तरीची माणसं चष्मा काढत, करवंटी डोळ्याला लावत आणि पोथी घडाघडा वाचत. हॉल जयजयकाराने दणाणून जाई.

"चष्मा म्हणजे कुबडी, माउली. टाका टोपलीत. थेंबांच्या बाटल्याही टाका. प्रकाशाला टाचणीएवढी वाट पुरते."

मागे उभ्या असलेल्या डॉ. नलिनी सामंत गारठल्या. ते शेवटचं वाक्य त्यांचंच होतं. तीस वर्षं त्यांनी मेडिकल कॉलेजात नेत्रविज्ञान शिकवलं होतं आणि पुढे रविवारच्या पुरवणीत लेख लिहिले होते. त्यातल्याच एका लेखातलं ते वाक्य. महाराजांचं वाचन चांगलं होतं.

पुठ्ठ्याच्या भोकातून स्पष्ट दिसलं तर दोष चष्म्याच्या नंबरचा, असं लेखात होतं. काचबिंदू मात्र असा ओळखता येत नाही, हा परिच्छेद जागा कमी पडली म्हणून बाईंनी स्वतःच कापला होता. दीड वर्षाने त्यांचे जुने पेशंट धोंडू परब आले. भोकातून पेपर वाचता येतो म्हणून त्यांनी काचबिंदूचे थेंब कधीच सोडले होते. भर दुपारी खुर्चीत बसून त्यांनी विचारलं, "बाई, लाइट गेले काय?"

धोंडू वारून सहा वर्षं झाली, पण तो प्रश्न गेला नाही. बाई कुकर लावत असल्या तरी तो मागून येई. धोंडूंच्या धाकट्या बहिणीला, रत्नप्रभाला, तोच आजार. तिनेही महाराजांच्या नादाने थेंब बंद केल्याचं कळलं, म्हणून बाई आज इथे आल्या होत्या.

रत्नप्रभा स्टेजवर निघाली आणि कडेच्या खुर्चीवर आदळली. बाई तिच्यामागोमाग वर चढल्या.

"बाई, माका सगळा दिसता," रत्नप्रभा खुशीत म्हणाली.

"मग एक डोळा झाका. माझ्या नाकाकडे बघा. बाजूने बोटं आणते, दिसली की सांगा."

बोटं कानाजवळून गालापर्यंत आली. पहिल्या रांगेतले हरेश्वर आजोबा कळवळले, "अगो, गालाकडे आसत."

"खंय?" रत्नप्रभाने विचारलं.

"श्रद्धा डळमळली की दृष्टी..." महाराजांनी सूर लावला.

बाईंनी पदराची पिन काढून महाराजांच्याच पत्रकाला भोक पाडलं आणि आजोबांना दिलं. त्यांनी चष्मा काढून त्यातून पोथी वाचली.

"आता या कागदालाही सिद्धी मिळाली म्हणायची," बाई म्हणाल्या. "नंबर असला की डोळ्यात शिरलेला प्रकाश पसरतो, अक्षर धूसर होतं. बारीक भोकातून मोजकेच किरण जातात, पसरायला वाव नसतो. चमत्कार तो एवढाच. काचबिंदू मात्र कडेकडेने नजर खातो आणि मधली शेवटपर्यंत ठेवतो. म्हणून वाचता येतं आणि माणूस फसतो. ही युक्ती माझ्या लेखातली आहे. धोक्याची सूचना मी गाळली होती."

रत्नप्रभाने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "म्हणजे दादान तुमचाच वाचून थेंब सोडल्यान?"

"हो."

"ह्या आधी सांगूक होया होता."

"हो. मला धीर झाला नाही."

बाईंना रडू आलं, ते त्यांनी लपवलं नाही. मग त्या हॉलकडे वळल्या. "चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्या. थेंब कुणाच्या सांगण्यावरून सोडू नका. महाराज असो नाहीतर डॉक्टर, कसं आणि कशावरून ते विचारा. मलाही विचारा."

"गेलेली नजर परत येतली?" रत्नप्रभाने विचारलं.

"नाही. उरलेली राखता येईल, आजपासून थेंब घातले तर."

मग तिने हात पुढे केला.

"चला तर. पायऱ्यो माका दिसनत नाय."