वक्त्याचं चॅनल

आमच्या मित्राला कॉलेजात सगळे 'वक्ता' म्हणायचे, कारण तो अडखळत बोलतो. हे नाव पाडणाऱ्यांशी मी कडाकडा भांडले होते. पण त्यालाच ते आवडलं, मग माझी काय टाप!

पोकरचं चॅनल काढायचं खूळ त्याचंच. पैसे लावायचे नाहीत, त्याच्या आईच्या शिवणकामातली बटणं लावायची. खेळून झालं की वक्त्यानं कॅमेऱ्यासमोर बसून डाव उलगडून सांगायचा: हातात कुठले पत्ते होते, मधे कुठले उघडले, डोक्यात काय चाललं होतं. कॅमेरा मी धरणार. काटछाट करणार तिसरा, त्याला आम्ही कात्रीच म्हणतो.

"पण सांगायचं तूच कशाला?" कात्रीनं विचारलं होतं.

"प… पत्त्यांच्या टेबलावर," वक्ता म्हणाला, "माझी पाळी आली की सगळे थ… थांबतात. कुणी घाई करत नाही. म्हणून."

झालं, मी तिथल्या तिथे फोनचा कॅमेरा पुसायला घेतला.

पहिला व्हिडिओ तयार झाला तेव्हा आम्ही त्याच्याच घरी जमलो. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, खिडकीशी शिवणाचं मशीन चालवत होत्या. व्हिडिओ लावला आणि मी चाटच पडले. वक्ता घडाघडा बोलत होता! कात्रीनं त्याचं एकूण एक अडखळणं कापून टाकलं होतं.

वक्ता शेवटपर्यंत बघत राहिला. "छ… छान बोलतो हा माणूस," तो म्हणाला. "ह्यालाच घ्या. मी नाही." आणि तो उठून मागच्या गॅलरीत गेला.

"अरे शहाण्या, तुला अक्कल गहाण टाकायला दुसरा दिवस नव्हता?" मी कात्रीवर तुटून पडले.

"लोक हसतील गं त्याला. कमेंटमध्ये फाडून खातील. मला नाही बघवणार." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं? भीती मलाही होतीच. पण वक्ता आज गप्प बसला असता तर पुन्हा चारचौघांत तोंड उघडलं नसतं त्यानं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी वक्त्याला बाही धरून गॅलरीतून आत ओढलं. "न कापलेला व्हिडिओ बघ. मग काय ते ठरव."

फोन काकूंच्या शेजारी इस्त्रीच्या टेबलावर उभा केला; मघाशी मशीनच्या आवाजात त्यांना काही ऐकूच गेलं नव्हतं. काकूंना एक सवय होती. लेक अडखळला की शब्द त्याच पुरा करायच्या. तो "पा…" म्हणेपर्यंत पाण्याचा पेला हजर. सगळं प्रेमापोटीच.

व्हिडिओतल्या डावात वक्त्यानं सगळी बटणं पुढे सारली होती. घाबरून कात्रीनं पत्ते टाकून डाव सोडला होता. आता वक्ता आपले पत्ते सांगणार होता.

"माझ्या हातात होतं ब… ब…"

मशीन थांबलं. "बदाम," काकू म्हणाल्या.

"ब…"

"बदामाची राणी? बादशहा?"

फोनमधल्या वक्त्याला कुठलं ऐकू जाणार? काकूंना थांबावंच लागलं. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अरे, काय होतं? सांग ना!"

"ब… बंडल! हातात सगळं बंडल होतं!"

काकू अशा हसल्या की पदरानं डोळे पुसायची वेळ आली. कात्री कपाळाला हात लावून बसला. त्याच थापेला भुलून त्यानं दोन बादशहा टाकून दिले होते. आणि वक्ता, तोही हसत होता, स्वतःलाच बघून.

"हाच ट… टाका," तो म्हणाला.

काकूंचं हसू हळूहळू ओसरलं. "इतकी वर्षं तुझं बोलणं मी पुरं करत आले," त्या म्हणाल्या. "किती वेळा चुकले असेन रे?"

वक्ता मशीनपाशी जाऊन उभा राहिला.

"वाढदिवसाला मला पि… पि…"

काकूंनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"…पिस्ता रंगाचा शर्ट हवा होता. तू पिवळा शिवलास."

"मेल्या! आणि तू तो विटेपर्यंत घातलास?"

"त… तू शिवला होतास ना."

काकूंनी गळ्यातला मापाचा टेप काढून त्याच्या खांद्याला लावला.

"सरळ उभा राहा," त्या म्हणाल्या.