रेडिएटर म्हणजे तीस ताटं

गोणपाटावर ठेवलेलं एक इंजिन. कुणीतरी त्याला झेंडूचा हार घातलेला.

बिर्याणीच्या भांड्याचं भाडं वेगळं, झाकणाचं आणखी वेगळं.

बार्शीच्या आडत दुकानात एक गृहस्थ पंचवीस वर्षं एकच विनोद सांगतात. लोक अजून हसतात.

"मामूला सांगायचं तरी काय? तुमच्या जागी पाइप घेतला?"

इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वळवून उभी असलेली माणसं. त्यातली निम्मी न बोलावलेली.

सोलापूरच्या भवानी पेठेतली वांगी रंगाची फियाट.

*

फियाटपासूनच सुरू करू, कारण बाकीचं सगळं तिच्यामागून ढकलत आलं.

गाडी नबीसाबांची. नबीसाब म्हणजे अतीकचे अब्बा. टॉवेलच्या धंद्यात हयात गेली, आता ऐकू कमी येतं आणि मत जास्त असतं. गल्लीतली कुठलीही मुलगी सासरी निघाली की याच गाडीतून निघायची. घरात तेलुगू बोलत असोत, कन्नड बोलत असोत की दखनी, गाडी एकच. भाडं नाही, फक्त पेट्रोल टाकायचं. आणि नवरी आत बसली, दार लागलं, की गाडी बंद पडायची. मग नवरीचे भाऊ, चुलते, शेजारी मागून हात लावायचे आणि वरातीइतकीच माणसं गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायची. तिथं ती खोकायची, धूर सोडायची आणि जायची.

गल्लीला यात वावगं काही दिसत नव्हतं. अतीकला दिसत होतं.

त्याची बहीण अमिना पंचवीस वर्षांपूर्वी याच गाडीतून बार्शीला गेली. तेव्हा गाडी इतकी बंद पडली की नवऱ्याकडच्यांनाही खाली उतरून हात लावावा लागला. अमिनाचे थोरले दीर दस्तगीरभाई धान्याचे आडते. ते तेव्हापासून सांगत आलेत, "सोलापूरला आम्ही वऱ्हाडी म्हणून गेलो आणि हमाली करून आलो."

ईदला हेच. बारशाला हेच. एकदा मयतीच्या घरीही, हळू आवाजात.

आता अतीकच्या मुलीचं, समराचं, लग्न याच दस्तगीरभाईंच्या मुलाशी ठरलं होतं. अतीकनं ठरवलं, पोरगी जाईल तर फियाटमधूनच जाईल, आणि गाडीच्या मागच्या पत्र्याला एका माणसाचंही बोट लागणार नाही.

जुन्या इंजिनात आता राम उरला नव्हता. नवं बसवायचं ठरलं.

*

बजेट, पहिलं

अपघातात सापडलेल्या एका व्हॅनचं इंजिन, गिअरबॉक्ससकट: अठ्ठावीस हजार.
मजुरी: पाच हजार.
किरकोळ.

"किरकोळ म्हणजे किती?" अतीकनं विचारलं.

कल्लप्पा मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. त्यानं डोकं बाहेर काढलं नाही. "किरकोळ म्हंजे किरकोळ. जुनं काढायचं, नवं ठिवायचं. बसवायचं म्हंजे काय लई न्हाई की त्यात."

लग्नाचं खातं बँकेत एकच आणि त्याचा पासवर्ड अतीकच्या बायकोकडे. शाइस्ताला सत्तावीस वर्षांच्या संसारात एकदाही हिशेब लिहावा लागला नव्हता, तो तिला पाठच असायचा. तिनं कागद वाचला आणि परत दिला.

"हौ, करा. गाडी लग्नाचीच तर खर्चही लग्नातूनच. पण मंजूर तेवढे हे तेहतीस. त्याच्यावर गेलं की लग्नातलं काहीतरी कापायचं. काय कापायचं ते तुम्ही सांगायचं, मी नाही."

"किरकोळ आहे गं."

"मग किरकोळच कापा."

*

किरकोळ, पहिलं

व्हॅनचं इंजिन फियाटच्या पोटात राहीना. म्हणजे जागा होती, पण टेकायला काही नव्हतं. लेथवर लोखंडी पाय करून घ्यावे लागले.

शाइस्तानं मनातल्या मनात भाग दिला. "सतरा ताटं."

"म्हणजे?"

"बिर्याणीची. कुठली सतरा माणसं?"

अतीकनं रात्रभर विचार करून विजापूर वेशीतली टॉवेलची जुनी गिऱ्हाइकं आणि त्यांचे भाऊबंद कापले. त्यांनी तशीही दोन दिवाळ्या उधारी फेडली नव्हती. बरं वाटलं त्याला.

किरकोळ, दुसरं

रेडिएटर. जुना नव्या इंजिनाला पुरत नव्हता. "गार कोण ठिवनार त्याला, मी वारा घालू व्हय पदरानं?" कल्लप्पानं विचारलं, आणि तो चहा प्यायला गेला. त्याच्या चहाचे पैसेही हिशेबात होते.

रेडिएटर म्हणजे तीस ताटं. शाइस्ताचे अक्कलकोट रोडचे मामू आणि त्यांचं सगळं कुटुंब बरोबर तीस भरत होतं.

"माझेच मामू?"

"तूच म्हणालीस ना, काय कापायचं ते मी सांगायचं."

त्या दिवशी जेवण झाल्यावर शाइस्ता म्हणाली, "मामूला सांगायचं तरी काय? तुमच्या जागी पाइप घेतला?"

"पाइप नाही, रेडिएटर."

किरकोळ, तिसरं, चौथं, आणि जे नंतर मोजायचं सोडून दिलं ते

मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा आखूड करावा लागला. त्यात ड्रोनवाला शूटिंगवाला गेला. सायलेन्सर नव्यानं वाकवावा लागला. त्यात दोन गोड पदार्थांतला एक गेला. वायरिंगमध्ये गल्लीच्या टोकाची कमलम्मा आणि तिचे तिन्ही मुलगे गेले. कमलम्माच्या दोन्ही मुली याच फियाटमधून नांदायला गेल्या होत्या, हे अतीकला ती नावं खोडताना आठवलं आणि त्यानं पेन जरा जोरात चालवलं. इंजिनाचा नवा नंबर गाडीच्या कागदावर चढवायला आरटीओचं शुल्क, अर्ज आणि चार हेलपाटे लागले. त्यात शिवयोगी टेलर गेला, ज्यानं समराचे शाळेचे सगळे गणवेश शिवले होते.

अतीक आता माणसांना नावानं ओळखेनासा झाला. रस्त्यात कमलम्मा दिसली की त्याला वायरिंग दिसायची. शिवयोगी समोरून आला की अतीक आरटीओ टाळल्यासारखा पलीकडच्या फुटपाथवर जायचा.

लोक मात्र रागावलेले दिसत नव्हते, आणि त्याला हेच टोचत होतं. इंजिन आलं त्या दिवशी कुणीतरी त्याला झेंडूचा हारही घालून गेलं. शिवयोगीनं एकदा गाठलंच. "अतीकभाई, ऐकलं नवं इंजिन टाकताय. मग धक्क्याचं काय?"

"धक्का लागणारच नाही. त्यासाठी तर सगळं."

"असं व्हय," शिवयोगी म्हणाला, आणि टेप गळ्यात अडकवून निघून गेला.

समरानं हेच विचारलं होतं, मेंदीच्या आदल्या संध्याकाळी. ती सात रस्त्याजवळ औषधांच्या दुकानात काम करायची आणि बोलायची मोजकं. "अब्बा, मग मला धक्का कोण देणार?"

"कुणी नाही. अर्ध्या चावीत चालू होते आता. ऐकायचंय?"

त्यानं चावी फिरवली. इंजिन खरंच अर्ध्या चावीत लागलं आणि मांजर झोपेत घुरघुरावं तसं घुरघुरत राहिलं.

"छान आहे," समरा म्हणाली. तिच्या आवाजात कुणाच्या तरी घरी नवा फ्रिज आल्यावर म्हणतात तेवढंच छान होतं.

*

निकाह झाला. बिर्याणी पुरली, इतकी माणसं कापल्यावर न पुरून काय करते. गोड एकच होतं. कल्लप्पा क्रीम रंगाचा नवा शर्ट घालून मांडवभर फिरत होता आणि भेटेल त्याला सांगत होता, "आता बगा तुमी. नुसतं बगा."

रुखसतीची, पाठवणीची वेळ झाली. समरा नवऱ्याशेजारी मागच्या सीटवर बसली. पुढं नबीसाब. अतीक स्टिअरिंगवर. बार्शीकरांच्या गाड्या मागं रांगेत, पहिल्या गाडीत दस्तगीरभाई, काच खाली करून, चेहऱ्यावर विनोद तयार ठेवून.

अतीकनं चावी फिरवली.

गाडी निघाली. शाइस्ताचा हात अजून खिडकीवर होता, तो तिथंच हवेत राहिला. बायकांनी रडायला नुकतीच सुरुवात केली होती. पहिला हुंदका येईतो गाडी तीन घरं पुढं.

"निघालोपण?" समरा म्हणाली. ती वळून मागच्या काचेतून बघत होती.

अतीकनं आरशात बघितलं. पंचवीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच, तेव्हा दस्तगीरभाईंचा चेहरा बघायचा होता. पण आरशात दस्तगीरभाई नव्हते. माणसं होती. इस्त्रीचे शर्ट, बाह्या कोपरापर्यंत वळवलेल्या, तळवे पुढं धरलेले, आणि तळव्यांपुढं गाडी नाही. सगळ्यात पुढं रेडिएटर, म्हणजे शाइस्ताचे मामू, सत्तरीतले, अक्कलकोट रोडवरून आलेले. त्यांच्या शेजारी वायरिंगचे तिन्ही मुलगे. मागं आरटीओ, गळ्यात टेप तसाच. जेवायला यांतलं कुणी आलं नव्हतं. जेवायला बोलावणं लागतं. धक्क्याला गल्लीत कधी कुणी कुणाला बोलावलेलं नव्हतं.

ती माणसं तशीच उभी होती, आणि आपल्या हातांचं आता काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं.

अतीकनं गाडी चालवली. आणखी एक घर. आणखी अर्धं.

मग त्यानं चावी उलटी फिरवली आणि काढून मुठीत धरली.

"बंद पडली," तो म्हणाला, मोठ्यानं, खिडकीबाहेर.

सगळ्यात आधी पोचला कल्लप्पा, क्रीम शर्टाचा घामानं नकाशा झालेला. "पडती कशी? मी बसवलंय." त्यानं वाकून आत बघितलं आणि अतीकची मूठ बघितली. "चावी काडून हातात घेतल्यावर पडंलच की ती."

"आवाज करू नको, कल्लप्पा."

"माझी अब्रू जातीया हितं, साहेब."

"किरकोळ आहे," अतीक म्हणाला.

कल्लप्पानं एकदा त्याच्याकडं, एकदा मागून पळत येणाऱ्या माणसांकडं बघितलं. मग नवा शर्ट काढला, नीट घडी घालून खिडकीतून नबीसाबांच्या मांडीवर ठेवला, आणि बनियनवर मागं गेला.

पत्र्यावर हात पडायला लागले. एक, चार, मग मोजता येईनात. समरा मागच्या काचेला कपाळ लावून रडत होती, आणि मामू काचेपलीकडून ढकलता ढकलता तिला रडू नको म्हणून मान हलवत होते आणि स्वतः रडत होते. शाइस्ता धावत येऊन खिडकीशी चालू लागली. तिनं अतीकच्या मुठीकडं बघितलं. हिशेब तिला पाठच असायचा.

"एक लाख चार हजार," ती हळूच म्हणाली.

"गप," अतीक म्हणाला.

दस्तगीरभाई गाडीतून उतरले होते. पंचवीस वर्षांचा विनोद पुन्हा ताजा झाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. "मला माहीत होतं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "वऱ्हाडी म्हणून आलो..." आणि वाक्य पुरं न करताच त्यांनी पत्र्याला खांदा लावला.

अतीकनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "जोर लावा, दस्तगीरभाई. बार्शीपर्यंत जायचंय."

नबीसाब मांडीवरचा शर्ट सांभाळत इतका वेळ समोर बघत होते. आता ते मुलाकडं वळले. "पेट्रोल हाय का रे त्यात? बघितलंस का?"

*

नबीसाबांनी ही गाडी एकोणऐंशी साली होटगी रोडच्या एका डॉक्टरकडून घेतली. त्या दिवशी तिच्यात पेट्रोल नव्हतं आणि गल्लीतली माणसं तिला ढकलत घरी घेऊन आली.