हिरव्या स्वेटरचं लेबल

लेबलकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं त्या गावात कुणी उरलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी ते तिथे आले ते संग्रहालयाच्या नोकरीवरच. आल्या आल्या त्यांनी पहिलं काम कुठलं केलं असेल, तर धूळ खात पडलेल्या प्रत्येक वस्तूखाली आपल्या वळणदार अक्षरात एक-एक चिठ्ठी लावली. मग लोकांनी ते नाव चिकटवलं आणि ते चिकटलं. घरीही तोच प्रकार. डब्यांवर लेबलं, किल्ल्यांवर लेबलं. काकू म्हणायच्या, "मी झोपले की माझ्या कपाळावर चिठ्ठी लावू नका, म्हणजे मिळवली."

संग्रहालय म्हणजे काय, तर जुन्या तारऑफिसच्या दोन खोल्या आणि एक हॉल. भिंतींना ओल धरलेली, खिडक्या वर्षानुवर्षं अर्ध्याच उघडणाऱ्या. गंजलेली कुलपं, वजनं-मापं, एक फुटकी घंटा, कुठल्याशा विसरलेल्या नगराध्यक्षाची खुर्ची. गावातल्या प्रत्येकाने हे सगळं शाळेत असताना एकदा पाहिलेलं, त्यामुळे पुन्हा पाहायला कोण येणार? म्हणून काकांनी वर्षातून चार वेळा नवं प्रदर्शन मांडायची टूम काढली. उन्हाळ्यात पाण्याची भांडी नि पंप, पुढे शाळेच्या पाट्या-दप्तरं, मग कुलपं-किल्ल्या. लोकांनी घरातली वस्तू आणून द्यायची, प्रदर्शन संपलं की परत न्यायची. दर रविवारी सकाळी त्यातल्या एखाद्या वस्तूवर बैठक. चहा, बिस्किटं आणि आठवणी. बैठकीला वीस-पंचवीस माणसं जमत. तेवढी गर्दी त्या हॉलने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

त्या वर्षी थंडीत विषय होता 'ऊब'. शेगड्या आल्या, किटल्या आल्या, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या आल्या. एका मंगळवारी बेकरीमागच्या गल्लीतल्या चेनवाल्या मावशी कापडी पिशवी घेऊन आल्या. जॅकेटांच्या, दप्तरांच्या, बुटांच्या तुटलेल्या चेन बदलून द्यायच्या, कपडे आखूड-लांब करायचे, हा त्यांचा धंदा. मंगळवारी दुकान बंद. पिशवीतून त्यांनी हाताने विणलेला एक हिरवा स्वेटर काढला. डावी बाही कोपरापासून खाली जरा वेगळ्याच हिरव्या रंगाची होती.

"लोकर कमी पडली," त्या म्हणाल्या. "तशी मिळालीच नाही पुन्हा."

"कुणाचा?" काकांनी फॉर्म पुढे ओढत विचारलं. मागे तिघं जण किटल्या घेऊन उभे होते.

"मुलाचा."

"काय करतो मुलगा?"

मावशींनी तोंड उघडलं, मिटलं. "इथे नसतो तो."

"मग कुठे असतो?"

"लांब."

काकांनी मान डोलावली आणि पुढच्याला बोलावलं. दुपारी निवांत बसून त्यांनी लेबल लिहिलं: 'हिरवा स्वेटर. हाताने विणलेला. डाव्या बाहीला लोकर कमी पडल्याने वेगळा रंग. विणणारी: आई. वापरणारा: मुलगा, जो आता परगावी नोकरीला असतो.'

पुढच्या मंगळवारी मावशी आल्या. काचेच्या पेटीसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. काकांना वाटलं, काही चुकलं की काय. जवळ जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, "अक्षर छान आहे हो तुमचं."

मग त्या दर मंगळवारी येऊ लागल्या. पाच मिनिटं थांबायच्या, वाचायच्या, जायच्या. इतरांच्या शेगड्या-किटल्यांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. काकांना मात्र बरं वाटायचं. आपल्या प्रदर्शनाचं एवढं अप्रूप असलेलं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. हळूहळू बोलणं वाढलं.

"येतो का मुलगा अधूनमधून?"

"कामाच्या रगाड्यात कुठलं जमतंय त्याला!"

"तिकडे थंडी असेल ना? मग स्वेटर नाही लागत?"

मावशी हसल्या. हसताना त्या एकदम तरुण दिसल्या. "हा आता बसायचा नाही त्याला. अंगाने भरला असेल तो."

'असेल' हा शब्द काकांच्या कानावरून गेला तो गेलाच. पुढे फार दिवसांनी त्यांना तो आठवला आणि मग काही केल्या विसरता येईना. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "ताई, त्या दुसऱ्या हिरव्या लोकरीचा तुकडा घरात असला तर आणा. शेजारी मांडू. पोरांना बघायला मजा येईल."

"शोधते," मावशी म्हणाल्या.

पाचव्या रविवारच्या बैठकीला हेडमास्तर आले. गावच्या शाळेत तीस वर्षं घालवून निवृत्त झालेले, आता संग्रहालयाच्या कमिटीचे अध्यक्ष. चष्मा कपाळावर चढवून ते एकेक पेटी बघत चालले होते. स्वेटरपाशी आले आणि थबकले.

"अहो लेबलकाका, हे काय लिहून ठेवलंय?"

"का हो?"

"हा पोरगा कसली नोकरी करतोय परगावी! माझ्या हाताखाली शिकलेला. चौदा वर्षं झाली त्याला जाऊन. नदीच्या पलीकडच्या काठावर क्रिकेटची मॅच होती. अकरा जण एका होडीत बसले, होडी उलटली. सात पोहून आले, चौघं गेले. एकोणीस वर्षांचा होता."

मग एकेक जण बोलू लागला. कुणाला ती होडी आठवली, कुणाला त्या दिवशीचा वारा. बेकरीवाला म्हणाला, "आम्हाला वाटलं, काकांना ठाऊक असेल. मावशींनीच तसं लिहायला सांगितलं असेल, म्हणून गप्प बसलो." नऊ वर्षांत एकही चूक सापडू न दिलेला माणूस, आणि सगळ्या गावादेखत त्याची ही शोभा.

"उद्या अकराला आपल्या शाळेची मुलं येणार आहेत," हेडमास्तर निघताना म्हणाले. "त्याआधी दुरुस्त करा. मुलांना खोटा इतिहास नको."

जेवताना काकांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "राहू द्या की. कुणाचं काय बिघडतंय?"

"असं कसं? संग्रहालय आहे ते. खोटं कसं ठेवू?"

"खोटं लिहिलंत तेव्हा तिला विचारलं नाहीत. आता खरं लिहिताना तरी विचारा."

हे काकांना पटलं. सोमवारी सकाळी साडेनऊला ते बेकरीमागच्या गल्लीत गेले. दुकानाचं शटर अर्धं वर होतं, आतून मशीनचा आवाज येत होता. एक बाई मुलाचं जॅकेट घेऊन उभी होती. काका पलीकडच्या फुटपाथवर थांबले. काय बोलायचं, हे त्यांनी वाटेत तीनदा जुळवलं होतं. तिथे पोचल्यावर त्यातलं एकही वाक्य तोंडातून काढण्यासारखं वाटेना. 'तुमचा मुलगा गेलाय असं लिहू का', असं कुणाला कसं विचारायचं? गिऱ्हाईक काही हलेना. काकांनी घड्याळ पाहिलं. उद्या मंगळवार आहे, त्या येतीलच, आधी बाहेरच्या बाकावर बसवू, पाणी देऊ, मग सांगू, असा विचार करून ते माघारी वळले. वळताना त्यांना हलकं वाटलं, हे पुढे त्यांना सगळ्यात जास्त टोचलं.

साडेदहाला त्यांनी नवं लेबल लिहून लावलं. पहिल्या दोन ओळी त्याच. शेवटची ओळ: 'वापरणारा: मुलगा, जो एकोणिसाव्या वर्षी होडी उलटून नदीत बुडाला.' अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. जुनं लेबल त्यांनी फाडून टोपलीत टाकलं.

अकराला मुलं आली. चाळीस जणांचा गलका, ओल्या बुटांचे ठसे, काचांवर बोटं. त्यांच्याबरोबरच्या बाई एकेक लेबल मोठ्याने वाचून दाखवत होत्या. शेगडीचं वाचलं, किटलीचं वाचलं. मग हिरव्या स्वेटरसमोर सगळे गोळा झाले. बाईंनी शेवटची ओळ वाचली.

"मग तो परत आलाच नाही?" पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं.

"नाही बाळा. बुडाला म्हणजे संपलंच की."

काकांनी सहज दाराकडे पाहिलं. मावशी उंबरठ्यावर उभ्या होत्या. सोमवार असूनही आल्या होत्या, दुकान मध्येच बंद करून. अंगावर कामाचा एप्रन तसाच, त्याला धाग्यांचे तुकडे चिकटलेले. हातात लिंबाएवढी लोकरीची गुंडी होती, दुसऱ्या हिरव्या रंगाची.

काका पुढे झाले, पण मध्ये मुलं होती. तोवर मावशी शांतपणे टेबलापाशी गेल्या. गुंडी टेबलावर ठेवली, ती घरंगळू लागली तशी दोन बोटांनी थांबवली.

"ही मागितली होतीत तुम्ही," त्या म्हणाल्या. "माळ्यावर सापडली."

"ताई, एक मिनिट बसा..."

"दुकान उघडं टाकून आलेय," त्या म्हणाल्या आणि गेल्या. दुकान बंद करून आल्या होत्या, ते त्यांच्या मुठीतल्या किल्लीवरून दिसत होतं.

मंगळवारी मावशी फिरकल्या नाहीत. काकांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. बुधवारी सकाळी संग्रहालयाचं दार उघडण्याआधीच ते मावशींच्या दुकानात जाऊन उभे राहिले. मावशी ब्लेडने एका दप्तराची जुनी चेन उसवत होत्या. त्यांनी स्टुलाकडे बोट केलं. काका बसले नाहीत.

"ताई, मी आधी तुमच्याकडे यायला हवं होतं."

"सोमवारी आला होतात की. त्या फुटपाथवर. मी पाहिलं. म्हटलं चेनबिन तुटली असेल, गिऱ्हाईक बघून गेलात परत."

"संग्रहालयात चुकीचं काही ठेवता येत नाही हो. म्हणून..."

"चुकीचंच होतं ते. मी कुठे नाही म्हणते?" ब्लेड चालूच होतं. "मास्तरांनी सांगितलं ना? चौघं गेले म्हणाले असतील."

"हो."

"तिघं सापडले, भाऊ. माझा नाही सापडला. बारा दिवस शोधला, खालच्या बंधाऱ्यापर्यंत. मी काही खुळी नाही. सात वर्षांनी मृत्यूच्या दाखल्याचा कागद आला, त्यावर सही केली. माझ्यापुरतं मी धरूनच चालते, तो गेला म्हणून. पण त्याला बुडताना कुणी पाहिलं नाही. त्या सातजणांतल्या एकानेही नाही. तुम्ही मात्र पाहिल्यासारखं लिहिलंत."

एवढं तपासून लिहिणारे आपण, आणि या बाबतीत एका माणसाच्या तोंडच्या वाक्यावर विसंबलो. पहिल्या लेबलाच्या वेळीही मावशींचा 'लांब' हा एकच शब्द धरून उरलेलं मनाने लिहिलं होतं.

"मी आत्ता जाऊन बदलतो," ते म्हणाले. "सापडला नाही, असं लिहितो."

"किती वेळा बदलणार?" मावशींनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, फक्त दमलेल्या दिसत होत्या. "त्या पहिल्या चिठ्ठीत मी काही घातलं नव्हतं. तुम्हीच लिहिलंत. मी आले नि वाचलं. चांगल्या अक्षरात, काचेच्या आत. घरी गेलं की मला माहीत असायचंच की काय आहे ते. पण तिथे उभं असताना पाच मिनिटं..." त्या थांबल्या. उसवलेली चेन त्यांनी ओढून काढली आणि डब्यात टाकली. "असू दे. तुमची चूक नाही. मी तरी कुठे खरं बोलले?"

"स्वेटर आजच आणून देतो तुम्हाला."

"नको."

"ताई, तुमचा आहे तो."

"तो कपाटात होता तोवर त्याचा होता. थंडी सुरू झाली की बाहेर काढायची, झटकायची, पुन्हा ठेवायची. आता बाहेर काढला की त्याच्याखाली तुमची ओळच दिसणार मला. ठेवा तुमच्याकडेच. वस्तू म्हणून."

काकांनी आणखी दोनदा विचारलं. मावशींनी नवी चेन मापून कापली, मशीन सुरू केलं, आणि त्या आवाजात पुढे बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

परत येऊन त्यांनी पेटी उघडली आणि लेबलाची शेवटची ओळ कापून काढली. हेडमास्तरांना ते रुचलं नाही. "अर्धवट वाटतंय," ते म्हणाले. "वाटू द्या," काका म्हणाले. कमिटीच्या अध्यक्षांना त्यांनी असं कधी उत्तर दिलं नव्हतं. मास्तर दोन आठवडे बैठकीला आले नाहीत, मग आले.

प्रदर्शन संपलं. लोक आपापल्या किटल्या, शेगड्या घेऊन गेले. उरलेला एक हिरवा स्वेटर काकांनी मलमलीत गुंडाळला, सोबत लोकरीची गुंडी ठेवली, रजिस्टरमध्ये क्रमांक घातला आणि आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवून दिला. पुढचं प्रदर्शन नकाशांचं होतं. लेबलं त्यांनीच लिहिली. पण आता एकेक लेबल लिहायला दिवस-दिवस लागायचा. देणाऱ्याला ते चार-चार वेळा विचारायला जायचे, इतकं की लोक कंटाळून म्हणायचे, "काका, तुम्हीच लिहा हो काहीतरी."

रस्त्यात मावशी भेटल्या की मान हलवून जायच्या, पूर्वीसारख्याच. संग्रहालयात पुन्हा आल्या नाहीत. थंडी सरता सरता काकांच्या जॅकेटची चेन तुटली. काकू म्हणाल्या, "जाता जाता मावशींकडे टाका, दहा मिनिटांचं काम." काकांनी हो म्हटलं आणि ते जॅकेट पिशवीत घालून पुलापलीकडच्या दुसऱ्या शिंप्याकडे गेले. त्याला ते काम नीट जमलं नाही. चेन मध्येच अडायची. काका त्या वर्षी उरलेली थंडी जॅकेट उघडंच ठेवून फिरले.