दमेकरी मोरी

सलग चौथ्या रविवारी वॉशिंग मशीनने साबणाचं पाणी मोरीत सोडलं आणि मोरीने ते स्वयंपाकघरात परत पाठवलं. वासंतीबाई खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या.

"अहो, आज हे नीट झालं नाही तर सांगवी सोडायची. वाकडला केयूरच्या शेजारचाच फ्लॅट रिकामा आहे."

हे घर श्रीपादरावांनी पस्तीस वर्षांपूर्वी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. शिवाय मुलाच्या शेजारी राहायचं म्हणजे मुलाचे सल्ले रोज ताजे मिळणार.

पिंपरीच्या कंपनीत ते क्वालिटीत होते. तिथे कुठल्याही बिघाडाला पाचदा 'का' विचारायची पद्धत.

"पाणी वर का येतं? जात नाही म्हणून. का जात नाही? तुंबलंय म्हणून. का तुंबलंय?"

"तुम्ही प्लंबरला बोलवत नाही म्हणून!"

प्लंबर नवनाथ 'दहा मिनिटांत' म्हणाला आणि दोन तासांनी आला. त्याने मोरीत बादलीभर पाणी हळूहळू ओतलं. सगळं गेलं.

"काका, तुंबलं काहीच न्हाई. पाइप दीड इंची, तांब्या-बादलीच्या हिशोबाचा. मशीन एका झटक्यात फेकतंय, मोरीला दम लागतोय."

"ते काम मी स्वतः उभं राहून करून घेतलंय."

"दिसतंय की."

मग भिंतीला भोक पाडून त्याने दोन इंची पाइप थेट बाहेरच्या चेंबरला जोडला आणि मशीनची नळी त्यात खोचली. तेवढ्यात केयूर आला. मशीनने पाणी सोडलं. फरशी कोरडी ठणठणीत! श्रीपादरावांची छाती फुगली.

"सॉलिड, बाबा!" केयूरने फरशीचा फोटो काढला. "गिऱ्हाईक एवढ्यालाच बिचकलं असतं. पाच वाजता एक जण घर बघायला येतोय."

"माणसं बरी आहेत ना?" वासंतीबाईंनी विचारलं.

म्हणजे मायलेकाचं आधीच ठरलं होतं. श्रीपादराव मोरीकडे गेले. अजून एकदा कपडे खळबळून पाणी सुटायचं होतं. त्यांनी नव्या पाइपातली नळी उपसली आणि मोरीत सोडली.

पाच मिनिटांत केयूरचे मोजे भिजले.

"बाबा! हे काय?"

"जुनं घर रे," श्रीपादराव गंभीरपणे म्हणाले. "असं गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं बरं नव्हे. नवनाथ, किती दिवस लागतील?"

नवनाथने नळीकडे पाहिलं, मग श्रीपादरावांकडे.

"अवघड हाय, काका," तो म्हणाला. "धा-बारा रविवार तरी यावं लागंल."