बोलाल ते ॲप

सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्तीची. एरवी मीटिंग म्हटली की मंडळी पाय ओढत येतात. त्या दिवशी मात्र हिशेबनीससुद्धा काम टाकून पडद्याकडे डोळे लावून बसले होते.

समोर एक गोडबोल्या विक्रेता. "कोड लिहिणं विसरा," तो म्हणाला. "आमच्या मशीनला फक्त इच्छा सांगा. माणसाचा हात लागत नाही."

"रजेचा अर्ज," मालक म्हणाले.

विक्रेत्याने हातातल्या फोनवर ते शब्द उच्चारले, डोळे मिटले, "मशीन चिंतन करतंय" म्हणत एक विनोद सांगितला आणि पडद्यावर आमच्या कंपनीच्या नावासकट अर्ज अवतरला. मग सुट्या भागांच्या साठ्याचं ॲप आलं. टाळ्या थांबेनात.

"मग प्रोग्रामर कशाला पोसायचे?" मालक पुटपुटले.

मी तक्रारींचे फोन घेतो. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की ताईच्या ॲपवरूनच मी मेकॅनिक धाडतो. ताई म्हणजे आमची प्रोग्रामर. ती शांतपणे उठली.

"मी एक सांगू? लिफ्टमध्ये माणूस अडकलाय. जवळचा मेकॅनिक शोधायचा, पण तो दुसऱ्या सुटकेत गुंतलेला नको. फक्त तुमचा फोन बंद ठेवा, या माइकवर बोला."

"फोनशिवाय स्पंदनं जुळत नाहीत, ताई."

कुणीतरी खुदकन हसलं.

"ठेवा की बंद," मालक म्हणाले.

तो माइकवर बोलला. पडदा कोराच. तो घटाघट पाणी प्यायला. तेवढ्यात त्याच्या लॅपटॉपवरचा एक निरोप पडद्यावर झळकला: "सर, आवाज तुटला. आता कुठलं ॲप लावू?"

सभागृह हास्यात बुडालं.

"मागितलेल्या प्रत्येक ॲपचं नाव हे साहेब फोनमध्ये पुन्हा बोलत होते, तेव्हाच शंका आली," ताई म्हणाली. "पलीकडे यांची माणसं बसलीत. तयार साचा उचलायचा, आपल्या लिफ्ट कंपनीचं नाव चिकटवायचं, पाठवायचं. तोवर इकडे विनोद."

"साचे खरे आहेत हो," विक्रेता कसाबसा म्हणाला.

"खरे आहेत, चांगलेही आहेत. तेवढंच सांगितलं असतंत तर आम्ही घेतले असते." मग ती मालकांकडे वळली. "रजेचा अर्ज ऑफिसातल्या मंडळींनी असल्या साच्यातून खुशाल स्वतः बनवावा, मला विचारूही नये. पण अडकलेल्या माणसाची सुटका आपल्या नियमांनी चालते. तिथे कोड लागतो आणि तो बिघडला तर दुरुस्त करणारं माणूस लागतं."

मालकांनी तसंच केलं. अर्जांसाठी दुसऱ्या कंपनीचं साधं साधन घेतलं, सुटकेचं ॲप ताईकडेच राहिलं. हिशेबनीसांनी आपला अर्ज स्वतः बनवला आणि दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरले.

चमत्कार घेऊन कुणी आलं तर हाकलू नका, भुलूही नका. एवढंच म्हणा: आमचं काम, आमच्या अटीवर, आमच्यासमोर करून दाखवा. खऱ्याला याचा राग येत नाही.