आईचा उजवा कान

"ताई, जेवणाच्या सुट्टीत ये. आईचा कान दाखवते," धाकटी फोनवर म्हणाली.

आई जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"तेच बघायला ये."

तिची खोली प्रयोगशाळेच्या तळघरात. शेजारच्या बंद दालनात कपाटाएवढा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप; त्याची घरघर भिंतीतून थेट तळपायांत येते. गारठा असा, की भर दुपारी ही बाई स्वेटरवर शाल गुंडाळून बसलेली. टेबलावर अर्धे प्यायलेले चहाचे कप, प्रत्येकावर साय धरलेली.

तिचं काम मला एवढंच कळतं: प्रोटीनचे कण बर्फाच्या पापुद्र्यात थिजवायचे आणि त्यांचे लाखो फोटो काढायचे. प्रत्येक फोटो म्हणजे नुसती करडी वाळू. कुठला फोटो कुठल्या बाजूने निघालाय हे ओळखून धाकटीचा प्रोग्रॅम त्यातून एक भरीव आकार उभा करतो. इतरांना ज्याला आठवडा लागतो, ते हा चहा उकळेपर्यंत करतो. येत्या सोमवारी तो बाकीच्या प्रयोगशाळांना मिळणार होता. त्यातून निघालेल्या आकारांवर पुढे औषधं ठरणार होती.

सुरुवातीला प्रोग्रॅमला एक कच्चा आकार द्यावा लागतो, ओळख पटवायला. आणि इथेच या धंद्यातली मेख आहे. आकार जास्त ठसला, तर नुसत्या वाळूतही तोच दिसायला लागतो. वेग तपासताना धाकटीने आईचा कान दिला होता. म्हणजे श्रवणयंत्रवाल्याने साच्यासाठी आईच्या कानाचं स्कॅन केलं होतं, ते.

"पाठ होता गं मला तो," ती म्हणाली. "इतक्या घड्या, की जरा काही चुकलं तर लगेच कळावं. मग काढायचा राहून गेला."

"मग काढ."

"काढला. तरी येतोय."

तिने रिकाम्या बर्फाचे फोटो लावले. त्यांत कण नव्हतेच. पडद्यावर धुकं गोळा झालं, दाटलं, आणि त्याचा कान झाला. सावकाश गिरक्या घेऊ लागला.

"कुठेतरी कॉपी राहिली असेल," मी म्हणाले. मला मोबाइलमधला फोटो धड पुसता येत नाही, पण सल्ला तयार.

"पाळ बघ."

स्कॅन फक्त आतल्या खळग्याचं होतं. पाळ त्यात नव्हतीच. पडद्यावर मात्र पाळ होती, आणि जड कानातल्यांनी ओघळलेलं ते लांबट भोकही. 

धाकटी पडद्याकडे वाकली. "आई, ताई आलीये."

गिरकी थांबली. कान आमच्याकडे वळून राहिला. आई अशीच करायची. डाव्याने काहीच ऐकू यायचं नाही, म्हणून बोलणाऱ्याकडे उजवा वळवून थांबायची.

"कधीपासून बोलतेयस याच्याशी?"

"रोज. दर वेळी थोडी जास्त येते. काल पाळीमागचे केस आले. आता गाल येईल."

"आणि सोमवार?"

"प्रोग्रॅम खराब निघाला म्हणून सांगेन. असाच दिला तर लोकांच्या औषधांत आईचा कान जाईल. आणि दुरुस्त केला तर..."

"अगं, इतकी वर्षं घातलीस यात!"

"वर्षं परत घालता येतील, ताई."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. मनगटं काटक्यांसारखी, ओठ सुकलेले. गाल आला, मग डोळे आले, की ही इथून उठायचीच नाही. आणि खरं म्हणजे गाल मलाही बघायचा होता. म्हणून मी घाई केली.

पडद्याजवळ तोंड नेलं आणि आईशी बोलावं लागायचं तसं, शब्द तोडून, मोठ्याने म्हणाले, "आई. ही घरी येत नाही. जेवत नाही. तू जा आता."

कान तसाच. ऐकलं की नाही, कळेना. हेही अगदी तिचंच. मग तो वळू लागला. गिरकीसारखा नाही, बोलणं संपवून माणूस निघतं तसा. पाठमोरा झाला, पाळीमागचे केस दिसले, आणि कडेकडेने त्याची वाळू होत गेली.

धाकटीने प्रोग्रॅम पुन्हा चालवला. वाळू. पुन्हा. वाळू. मग तिने खऱ्या नमुन्याचे फोटो लावले. एक ओबडधोबड, गाठीगाठींचा गोळा उभा राहिला, कुणाच्या नात्यात नसलेला. खात्रीसाठी फोटोंचे दोन भाग करून तिने ते वेगवेगळे चालवले. दोन्हीकडे तोच गोळा.

"नीट झालं ना?" मी विचारलं.

"झालं."

ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मी इथेच बसले होते, ताई," ती म्हणाली. "जा म्हणून मला सांगू द्यायचंस."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला नाही की धरला नाही. पडद्यावर गोळा फिरत होता. तिने त्याला हळूच हाक मारून पाहिली, "आई?"

तो फिरतच राहिला.