आमदारांनी पाठवलेली गाडी

रत्नाताईंनी फाटकाचं कुलूप दोनदा हलवून पाहिलं. गंज हाताला लागला. मागे कडुनिंबाच्या सावलीत प्रतीक्षा आणि सुमेध आपापल्या पिशव्या पोटाशी धरून उभे होते.

फाटकावरचा फलक मात्र ठळक होता: 'आंतरजातीय युगुल सुरक्षा गृह'. खाली आमदार हिलालभाऊंचं नाव. दीड वर्षापूर्वी त्यावरचा पडदा बाजूला झाला तेव्हा रत्नाताई व्यासपीठावर होत्या. टाळ्या वाजवताना त्यांचे डोळे भरून आले होते, कारण हे घर त्यांनीच मागितलं होतं. निवडणुकीत त्या धुळ्यात आणि शिंदखेड्याच्या खेड्यापाड्यांत याच एका आश्वासनावर दारोदार फिरल्या होत्या. आपलं सरकार आलं की जातीबाहेर लग्न करणाऱ्या पोरांना पळावं लागणार नाही, असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने लोकांना सांगितलं होतं.

शेजारच्या अंगणात कपडे वाळत घालणारी बेबाबाई कुंपणापाशी आली.

"उद्घाटन व्हयनं, मंग कोनीच उनं नही, अक्का," ती म्हणाली. "आत बठ्ठं पार्टीनं सामान शे."

खिडकीच्या फटीतून आत प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत दिसत होती, गुंडाळलेले झेंडे दिसत होते, आणि भिंतीला टेकवलेले हिलालभाऊंचे पुठ्ठ्याचे हसरे चेहरे.

प्रतीक्षा शिंदखेड्याकडच्या रतिलालशेठची मुलगी. शेठची कापसाची जिनिंग मिल होती आणि तालुक्यातला पक्ष त्यांच्याच जिवावर उभा होता. सुमेध बौद्ध वस्तीतला, धुळ्यात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला. दोघांनी नोंदणी लग्नाची नोटीस दिली होती आणि कायद्याने महिनाभर थांबणं भाग होतं. कार्यालयाबाहेर लावलेल्या त्या नोटिशीचा कोणीतरी फोटो काढून शेठना पाठवला. दोघांनाही जिवंत ठेवणार नाही, असं ते चारचौघांत बोलले. पोलिसांनी या दोघांना सुरक्षा गृहाकडे बोट दाखवलं, आणि ते घर रत्नाताईंनी मागितलेलं, म्हणून दोघं त्यांच्याकडे आली.

रत्नाताईंनी फाटकापासूनच हिलालला फोन लावला. लोकांचे भाऊ असले तरी त्यांच्यासाठी तो हिलालच होता. कॉलेजात असताना चळवळीच्या अभ्यासवर्गाला यायचा आणि त्यांच्या ओसरीवर सतरंजी टाकून झोपायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं. कुलपाबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. पोरांना उन्हात फिरवू नका, घरी न्या, दुपारी माझी गाडी येईल, नाशिकला सुरक्षित ठिकाणी पोहोचवतो, असं म्हणाला. रत्नाताईंना हायसं वाटलं. खिडकीतून पाहताना त्याच्याबद्दल मनात जो संशय आला होता, त्याची थोडी लाजही वाटली.

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं नवऱ्याला, प्रेमराजना सांगितलं. प्रेमराजनी हल्ली पक्षाच्या सभांना जाणं सोडलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, की गाडी कोणाची म्हणाला. रत्नाताई चिडल्या. म्हणाल्या, तुम्हाला आता कोणीच चांगलं दिसत नाही.

दुपारी गाडी आली. पुढे पक्षाचा झेंडा होता. ड्रायव्हर आणि त्याच्याबरोबरचा माणूस उतरून फाटकात उभे राहिले. प्रतीक्षाने पडदा बोटभर सरकवला आणि तशीच मागे सरली.

"अक्का, हा आमच्या जिनिंगवरचा ड्रायव्हर आहे."

रत्नाताई स्वयंपाकघरात गेल्या आणि पुन्हा फोन लावला. हिलालने नाकारलं नाही.

"शेठ हात लावणार नाहीत, मी शब्द घेतलाय. पोरगी घरी जाईल, चार दिवसांत शांत होईल. पुढच्या महिन्यात नगरपालिकेची निवडणूक आहे, अक्का. शेठ गेले तर तालुका गेला. आणि आपण हरलो तर कोण येईल, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?"

हे शेवटचं वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. वर्गखोल्या झाल्या नाहीत, वस्तीत पाणी आलं नाही, अशी कोणी तक्रार केली की त्या स्वतः हेच ऐकवत आल्या होत्या, आणि समोरचा गप्प बसायचा. आज ते त्यांना ऐकावं लागत होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "माणसांना चहा तरी घेऊ दे."

मग त्यांनी पाचोऱ्याला हमीदाला फोन केला. तरुणपणी रत्नाताई आणि प्रेमराज जातीबाहेर लग्न करून पळाले, तेव्हा हमीदाच्याच घरी लपले होते. हमीदाने सगळं ऐकून घेतलं.

"शेठची पोरगी मुसलमानाच्या घरात सापडली तर लोक काय गोष्ट रचतील, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

"जेवण करून ठेवते. पाठव."

रत्नाताईंनी पाहुण्यांना पुढच्या खोलीत बसवलं. मुलगी पिशवी भरतेय, म्हणाल्या. दूध मंद आचेवर ठेवलं, आलं सावकाश ठेचलं. तोवर प्रेमराज दोघांना घेऊन मागच्या बोळातून रिक्षास्टँडकडे निघाले होते. चाळीसगावची रेल्वेगाडी सुटायला वेळ होता. चाळीसगावहून पुढे पाचोरा. रत्नाताईंनी चहाबरोबर शेव दिली, दुसऱ्यांदा चहा विचारला, ड्रायव्हरच्या मुलाबाळांची चौकशी केली. तो अवघडून उत्तरं देत राहिला. शेवटी बरोबरचा माणूस उठला, सरळ आत गेला आणि मागचं उघडं दार पाहून बाहेर येत फोन काढू लागला.

काही मिनिटांनी रत्नाताईंचा फोन वाजला.

"अक्का, माझ्यावर विश्वास ठेवायचा होता."

"ठेवला होता."

पलीकडे कोणीतरी काहीतरी बोललं, आणि हिलालने फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज दबला. परत आला तेव्हा तो वेगळाच होता.

"रत्नाबाई, पोरं कुठे आहेत?"

इतक्या वर्षांत त्याने त्यांना कधी बाई म्हटलं नव्हतं. त्यांनी फोन बंद करून ओट्यावर पालथा ठेवला.

झेंड्याची गाडी बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन तिथेच घरावर नजर ठेवून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने प्रेमराज आले, घामाने भिजलेले. गाडी सुटेपर्यंत फलाटावर थांबलो, म्हणाले. रत्नाताईंनी त्यांना पाणी दिलं. नोटिशीची मुदत संपायला अजून बरेच दिवस होते, आणि काही झालं तर फोन कोणाला करायचा, हे आता दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मग त्या उठल्या. हे चळवळीचं घर. त्याचं पुढचं दार दिवसा कधी बंद नसायचं. कडी इतकी न वापरलेली होती, की ती बसेना. प्रेमराजनी दार खांद्याने दाबून धरलं, तेव्हा कुठे ती लागली.